सहा पदरांची मासळी

मी एक म्हातारी मासळी आहे, मित्रांनो, आणि मी कोणाच्या चुकीतून जन्मलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याविषयी बोलायचे झाले की माणसे बहुधा चुकीपासूनच सुरुवात करतात.

माझे घर म्हणजे इथिओपियाच्या डोंगरमाथ्यावरचे ताना तळे. माझा रंग पितळेसारखा, अंग लांब, तोंड मोठे. खालच्या जबड्याशी एक पांढरा व्रण आहे आणि शेपटीच्या वरच्या टोकाला एक खाच. दोन्ही खुणा मला बायकांनी दिल्या. एकीने खाच दिली, दुसरीने व्रण, आणि दोघींवरही माझा राग नाही. माझा राग आहे तो एका शब्दावर. तो शब्द यथावकाश येईल.

मी तळ्यात राहत असले तरी माझा जन्म तळ्यात झाला नाही. आमच्यात कोणाचाच होत नाही. पावसाळ्यात गुमारा नदी तांबूस होऊन तळ्यात उतरते, तेव्हा आमच्या आया तिच्या तोंडाशी जमतात आणि प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात. भातखाचरांच्या पलीकडे पाणी उथळ होते, थंड होते आणि गोट्यांवरून खळाळत जाते. तिथे त्या अंडी घालतात. तळ्याच्या तळाशी गाळ आहे आणि गाळात अंडी गुदमरतात. अंड्यांना वाहते पाणी आणि स्वच्छ खडी लागते. जगाकडे आमचे मागणे एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे असे मला अजूनही वाटत नाही.

दोन गोट्यांच्या फटीत मी अंड्यातून बाहेर आले. आईला मी पाहिले नाही. अंडी घातली की ती मागे वळून बघत नाही. त्यात निष्ठुरपणा नाही. प्रवाहात जास्त वेळ थांबणे तिला परवडत नाही. पाऊस ओसरला तशी मी सुईएवढ्या अंगाने नदीबरोबर खाली वाहत आले आणि तळ्याकाठच्या पपायरसमध्ये शिरले. पपायरस म्हणजे तुमच्या लव्हाळ्याचाच थोरला भाऊ. माणसाच्या दुप्पट उंच वाढतो. त्याच्या मुळांत मी लपले, किडे खाल्ले, मग किड्यांना खाणारे मासे खाल्ले. बगळे चुकवले, पाणकावळे चुकवले. मी मोठी झाले.

त्याच पपायरसवर जगणारी माणसेही काठावर होती. बाकीचे लोक त्यांना वेयतो म्हणतात. ती स्वतःला नेगेदे म्हणवतात. ती पपायरसच्या जुड्या बांधून टांकवा नावाच्या होड्या करतात. टांकवा फार टिकत नाही. थोड्याच आठवड्यांत ती पाणी पिऊन जड होते. मग तिला काठावर वाळत टाकायची आणि नवी बांधायची. मी लहान असताना मला वाटायचे की त्यांच्यातला म्हातारा एंद्रिस एकाच होडीतून फिरतो. होड्या कितीतरी होऊन गेल्या होत्या, बांधणी तेवढी एकच होती. पुढे मला या गोष्टीची पुष्कळदा आठवण झाली.

या एंद्रिसनेच मला पहिल्यांदा पकडले. त्याचे जाळे लहान होते आणि मी बेसावध होते. मला वाटले, संपले सारे. पण त्याची बायको लुबाबा काठावर होती. ती मला उचलून म्हणाली की असला मोठा मासा शहरात माशांचा अभ्यास करणाऱ्या मत्स्यशाळेतल्या वुबालेमला जिवंत हवा होता, तेव्हा हिला भिजलेल्या पोत्यात गुंडाळा आणि पाठवून द्या.

वुबालेम तरुण होती आणि कमी बोलायची. तिने मला सिमेंटच्या हौदात ठेवले. सुईने माझ्या रक्ताचे काही थेंब घेतले, शेपटीला ओळखीसाठी खाच पाडली आणि पाठीच्या पराला पिवळा दोरा बांधला. मग ती सूक्ष्मदर्शकाच्या काचेत डोळे घालून बसली. प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. घडण कशी करायची त्याची सारी माहिती त्यांत असते. बहुतेक प्राण्यांत त्यांचे दोन संच असतात, एक आईचा आणि एक बापाचा. आमच्या तळ्यातल्या बोटभर लांबीच्या चुलत भावंडांत ती पन्नास भरतात. माझ्यात तिने मोजली तेव्हा दीडशे भरली. तिने पुन्हा मोजली. मग ती एकटीच हसली आणि हौदापाशी येऊन मला म्हणाली, "सहा संच. बाई गं, काय काय साठवून ठेवलंयस तू."

कोणी माझे कौतुक केल्याचा तो पहिला प्रसंग. दुसरा यायला बराच काळ जावा लागला.

पावसाळा जवळ आला तसे वुबालेमने मला, जिथे पकडले तिथेच सोडायचे ठरवले. निळ्या टबात घालून ती मला एंद्रिसच्या वस्तीवर घेऊन आली. सोडण्याआधी लुबाबाने तिला कॉफीला बसवले. टब अंगणातच होता, म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

इथे कॉफी तीनदा ओततात. पहिला पेला कडक, दुसरा बेताचा, तिसरा जवळजवळ पाणीच. पण तिसऱ्या पेल्याला 'बरका' म्हणतात, तुम्ही म्हणता ना बरकत, तेच. तिसरा पेला न घेता उठणे म्हणजे घराची बरकत उंबऱ्यावर सांडून जाणे. लुबाबा दाणे भाजत होती तेवढ्यात यिबेलताल आला. त्याच्याकडे मोटारीच्या बोटी होत्या, लांब नायलॉनची जाळी होती आणि त्यांवर काम करणारी बरीच माणसे होती. तो मासळी भरायच्या टोपल्या न्यायला आला होता. लुबाबाने त्याच्यासाठीही पेला मांडला. तो कुंपणाशीच उभा राहिला. त्याच्या गावात नेगेदेंच्या हातचे पाणी पीत नाहीत. त्यांनी पकडलेली मासळी मात्र चालते. असे का, हे विचारलेले चालत नाही.

पहिल्या पेल्याला वुबालेमने दीडशेचा आकडा सांगितला. एंद्रिसने विचारले, एवढी आली कुठून? दुसऱ्या पेल्याला तिने सांगायला सुरुवात केली. फार फार पूर्वी, हे तळे नव्हते तेव्हा, दोन निराळ्या जातींच्या माशांची गाठ पडली. एकीत चार संच होते, दुसरीत दोन. पिल्लाला निम्मे निम्मे मिळाले, म्हणजे तीन. आता हे समजवायचे कसे, म्हणून ती जरा थांबली आणि म्हणाली, "घोडा आणि गाढव मिळून खेचर होतं ना, तसंच काहीसं."

कुंपणाशी यिबेलताल मान हलवत 'खेचर' एवढेच म्हणाला, आणि टोपल्या डोक्यावर ठेवून निघून गेला. लुबाबा तिसरा पेला ओतत होती.

उरलेली गोष्ट तिसऱ्या पेल्याबरोबर झाली. अंडी तयार होताना गुणसूत्रांना आपापली जोडी शोधावी लागते, असे वुबालेमने सांगितले. घोड्याच्या सूत्राला गाढवाच्या सूत्राशी नीट जोडी जमवता येत नाही, म्हणून खेचराला शिंगरू होत नाही. तीन संचांच्या त्या माशांचेही तसेच अडले असणार. पण कधीतरी, कुठेतरी, एकाच्या पोटात सगळेच दुप्पट झाले. तिनाचे सहा झाले. मग प्रत्येक सूत्राला त्याची स्वतःची जोडी मिळाली आणि अडलेला संसार पुढे चालू लागला. तो आजपर्यंत चालू आहे.

लुबाबा मांडीवर पपायरसचा दोर वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे तीन पदरांत पीळ बसेना, म्हणून सहा घेतले."

"अगदी तसंच, मावशी," वुबालेम म्हणाली.

एक सूत्र बिघडले तर त्याच्या जागी काम करायला दुसरे असते, असेही ती म्हणाली. कदाचित म्हणूनच आमच्या या एकाच घराण्यातून गवत खाणारे, किडे वेचणारे आणि माझ्यासारखे मासे खाणारे असे सगळे प्रकार या एका तळ्यात झाले असतील. कदाचित. खात्री नसेल तिथे ती 'कदाचित' म्हणायला विसरत नसे. तुमच्या नद्यांतल्या महाशीर माशाशीही आमचे दूरचे नाते लागते म्हणे. मग तिने मला पाण्यात सोडले. मी शेपटीचे दोन फटके मारले आणि खोल गेले.

आता त्या शब्दाविषयी.

यिबेलताल अर्धी गोष्ट घेऊन गेला होता आणि अर्धी गोष्ट पुऱ्या गोष्टीपेक्षा हलकी असते, लवकर पसरते. आठवड्याच्या बाजारात ती पोहोचली तेव्हा तिचे एवढेच उरले होते: गुमारा चढणारे मोठे मासे खेचर आहेत. शिकलेल्या बाईने स्वतः सांगितले. मासळी निवडणाऱ्या बायका मला हातात धरून 'ही खेचरी' म्हणू लागल्या असत्या. त्या वेळी मी त्यांच्या हाती लागले नाही म्हणून माझ्या बहिणींना म्हणाल्या.

नुसत्या शब्दाने मी रागावले नसते. इथे खेचर हे मानाचे जनावर आहे. पाद्री त्याच्यावर बसून येतात. पण त्या शब्दाने नदी बंद केली.

आमच्या काठावर एक जुनी रीत होती. नदीचे पाणी तांबूस झाले की तिच्या तोंडावर आडवे जाळे लावायचे नाही, ते थेट पावसाळा सरताना येणाऱ्या मस्कलच्या सणाची पिवळी फुले रानात दिसेपर्यंत. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता. एंद्रिसच्या आजोबांनी पाळला, म्हणून त्याने पाळला. पण पावसाळ्याच्या ऐन मध्यावर मरियमचा उपास येतो. त्या उपासात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. पुष्कळांच्या घरी मासळी तेवढी चालते. शहरातून गाड्या येतात आणि जेवढी मासळी असेल तेवढी कमी पडते. यिबेलताल बाजारातल्या उंबराखाली उभा राहिला आणि त्याने सरळ मांडणी केली. तोंड मोकळे सोडायचे ते कशासाठी? पुढच्या पिढीसाठी. खेचराला पुढची पिढी असते का? नाही. मग हे मासे वर जाऊन नुसते मरणार, त्यापेक्षा उपासवाल्यांच्या ताटात गेलेले काय वाईट? लोकांना ते पटले. त्याचे गणित चोख होते. फक्त पहिली ओळ चुकलेली होती.

त्या वर्षी पाणी तांबूस झाले आणि मला माझ्या गोट्यांचा वास आला. तो कसा असतो हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही. पोट गाभोळीने टणक झाले होते. मी नदीच्या तोंडाशी आले तेव्हा माझ्यासारख्या कित्येक जणी तिथे जमल्या होत्या आणि कोणीच पुढे जात नव्हती. पुढे या काठापासून त्या काठापर्यंत जाळे होते. काही जणी त्यात आधीच अडकून निश्चल झाल्या होत्या.

शहाणपण मागे फिरण्यात होते. मी फिरले नाही. मागे गाळ होता आणि माझी अंडी गाळासाठी नव्हती. मी धडक दिली. जाळे कल्ल्यांत रुतले. मी आणखी जोर केला, ते आणखी रुतले.

सकाळी जाळे ओढले गेले. काठावर मासळी निवडायला आलेल्या बायकांत लुबाबाही होती, कारण पोट तिलाही होते. तिने पिवळा दोरा पाहिला, शेपटीची खाच पाहिली आणि मला ढिगातून उचलून पाण्याच्या घमेल्यात टाकले. त्याच वेळी काठावर वाद पेटला होता. जाळे लागल्याचे कळताच वुबालेम शहरातून धावत आली होती. तिच्या हातात छापील कागद होते आणि यिबेलताल ते हातात घेत नव्हता.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, घोडा नि गाढव?" तो म्हणाला.

"म्हणाले. उदाहरण वाईट दिलं, ती चूक माझी. पण गोष्ट तिथं संपली नव्हती."

"तिसरा पेला घेतला असतास, भाऊ, तर उरलेली कळली असती," लुबाबा म्हणाली.

बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. यिबेलताल हसला नाही. कागदाला गाभोळी येत नाही, कागद राहू द्या, असे त्याने सुनावले. तेव्हा लुबाबाने मला दोन्ही हातांनी घमेल्यातून वर धरले. माझ्या पोटातून दोन पिवळी अंडी तिच्या मनगटावर ओघळली.

"हिला आली आहे गाभोळी. खेचरीच्या पोटात ही कुठून आली?"

"अंडं काय, कोंबड्याशिवाय कोंबडीसुद्धा घालते. पिल्लू दाखव."

खरे सांगते, त्याचा हा मुद्दा बिनतोड होता. वुबालेमनेही मान हलवली. त्याच्या बोटीवरचा एक जण मागून म्हणाला की मिश्र रक्ताच्या माशाची बाजू मिश्र रक्ताची नेगेदे माणसेच घेणार. लुबाबाने त्याच्याकडे वळून शांतपणे पाहिले. तिचा आवाज जराही चढला नाही.

"आमचंही मूळ नाही म्हणता ना तुम्ही? एकदा वस्तीवर ये आणि आमची पोरं मोज."

मग एंद्रिस पुढे झाला. पिल्लू दाखवले तर काय, एवढेच त्याने विचारले. यिबेलतालने सगळ्यांसमोर सांगितले की पिल्लू निघाले तर जाळे तो स्वतःच्या हाताने काढील. नाही निघाले तर यापुढे नदीच्या तोंडावर जाळे राहील, आणि त्याबद्दल कोणी शब्द काढायचा नाही. आणखी एक अट त्याने घातली: ही मासळी आणि तिची अंडी सगळ्यांच्या नजरेसमोर राहतील, नाहीतर उद्या भलत्याच माशाची पिल्ले आणून दाखवाल.

अशा रीतीने, मित्रांनो, संपूर्ण नदीचा निकाल माझ्या पोटावर येऊन ठेपला.

बाजाराच्या वाटेवर पूल आहे. पुलाखाली पाणी पहिल्यांदा दगडांवरून खळाळते आणि बाजाराला जाणारे सगळे तिथे टेकतात. तिथे आम्हाला नेले. वुबालेम गुडघाभर पाण्यात बसली. तिने ओल्या अंगठ्याने माझ्या पोटावरून हलकेच दाब दिला आणि बाजरीच्या दाण्यांसारखी अंडी वाडग्यात सांडू लागली. तिने निम्मीच घेतली. बाकीची तुझी तू बघ, असे ती पुटपुटली. जाळ्यातून आणलेल्या एका नराचा दुधासारखा चीक तिने त्यांवर पिळला, पिसाने ढवळले आणि वर नदीचे पाणी ओतले. ती अंडी लुबाबाच्या टोपलीत पसरली. टोपली अशी विणलेली होती की पाणी आरपार जाईल आणि अंडे एकही जाणार नाही. मला मात्र लुबाबाने खालच्या जबड्यातून पपायरसचा दोर ओवून खुंटीला बांधले. तेव्हाचा हा व्रण. दोर सहापदरी होता. तोडायचा प्रयत्न मी केला नाही असे नाही.

दुसऱ्या दिवशी बरीच अंडी पांढरी पडली. पुलावरून येणारे जाणारे वाकून बघत. यिबेलतालची माणसे म्हणाली, पीठ झाले, आता इंजेराच्या भाकऱ्या भाजा. वुबालेम एकेक मेलेले अंडे पिसाने उचलून बाहेर टाकत होती. अशी काही जातातच, असे ती सांगत होती. पण उरलेली ती पुन्हा पुन्हा मोजत होती. पाण्यातला गाळ अंड्यांवर बसू नये म्हणून लुबाबा टोपलीच्या वरच्या अंगाला गवताची चटई धरून तासन्‌तास उभी राहायची. उपासाची मासळी शोधत एक श्रीमंत बाई आली. तिने माझ्याकडे बोट दाखवले. ही विकायची नाही, पैजेवर आहे, असे लुबाबाने सांगितले. खेचरावर कसली पैज, असे पुटपुटत ती बाई गेली.

मी हे सारे दोराच्या टोकाला ऐकत होते. मी भुकेली होते, जबडा ठणकत होता. पण मित्रांनो, मला शंका नव्हती. माणसांना पुरावा लागतो. मला माहीत होते, कारण मी स्वतःच पुरावा होते. माझ्या आईला आई होती, तिलाही आई होती, आणि ही रांग हे डोंगर घडवणाऱ्या ज्वालामुखीच्या आगीइतकी जुनी आहे. मला चिंता होती ती पाण्याची.

आणि पाणी आलेच. वरच्या डोंगरांत मोठा पाऊस झाला आणि दुपारी नदी बघता बघता चढली. टोपलीची खुंटी हलली. एंद्रिस अंगावरच्या कपड्यांनिशी आत उतरला. पाणी त्याच्या छातीला लागले. त्याने टोपली पोटाशी धरली आणि प्रवाहाला पाठ देऊन उभा राहिला. लुबाबा काठावरून ओरडत होती की म्हाताऱ्या, टोपली पुन्हा विणीन, तू बाहेर ये. त्याने ऐकले नाही. पुलावर उभ्या असलेल्या यिबेलतालच्याच दोन माणसांनी उतरून त्याला दोन्ही दंडांना धरले. तेही पाणी ओसरेपर्यंत हलले नाहीत. पैज कोणाची आहे हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात होते असे मला वाटत नाही.

त्यानंतर उरलेल्या अंड्यांत काळे ठिपके दिसले. दोन दोन ठिपके. ते डोळे होते.  वुबालेमने टोपलीवर ओला फडका अंथरला आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच ती पोटभर जेवली.

एका सकाळी यिबेलताल एकटाच आला. तो पाण्याशी उकिडवा बसला आणि त्याने फडका बाजूला केला. टोपलीच्या तळाशी पांढऱ्या टरफलांत काहीतरी थरथरत होते. सुईच्या जाडीची, पोटाशी पिवळी पिशवी असलेली, आरपार दिसणारी पिल्ले. त्याने ओंजळ पाण्यात घातली. एक पिल्लू त्याच्या तळव्यावर आले आणि शेपटी झाडू लागले. 

"शिंगरू," यिबेलताल म्हणाला.

लुबाबाने काठावर चूल मांडलीच होती. तिने किटली पुढे केली आणि तिसरा पेला भरला. त्याने तो घेतला, पण बसला नाही, उभ्यानेच प्यायला. माझ्या डोळ्यांदेखत झाले ते एवढेच. आणखी काही झाले असे सांगून मी गोष्ट गोड करणार नाही.

जाळे त्याने त्याच दुपारी काढले. काढताना तो वुबालेमला म्हणाला, "हे यंदाचं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

लुबाबाने माझ्या जबड्यातला दोर कापला. तिचा हात क्षणभर माझ्या पाठीवर राहिला. मग ती मला म्हणाली, "जा बाई. दोन्ही वेळा मीच धरलं तुला. तिसऱ्यांदा नको भेटूस."

मी वर चढले. खाली मोकळ्या झालेल्या तोंडातून बाकीच्या येतच होत्या. भातखाचरांच्या पलीकडे, माझ्या गोट्यांवर, मी माझी उरलेली निम्मी अंडी घातली. पाणी स्वच्छ होते. मी मागे वळून पाहिले नाही. आमच्यात पाहत नाहीत.

त्याला आता पुष्कळ पावसाळे झाले. लुबाबाचे म्हणणे मी आजवर पाळले आहे. दर वर्षी तो वाद नव्याने होतो. काही वर्षी जाळे लागते, काही वर्षी नाही. अलीकडे वरचे गोटेच रस्त्यासाठी उचलून नेतात आणि खडीच्या जागी खड्डे राहतात. अजूनही कोणीतरी आम्हाला खेचर म्हणते. आता मला त्याचे काही वाटत नाही, असे म्हणायला हवे. पण वाटते.

म्हणून, मित्रांनो, ऐका. मला दया नको. काचेच्या पेटीत ठेवून माझी निगा राखू नका. कोणा जिवाची घडण तुमच्या हिशेबात बसली नाही, तर हिशेब पुन्हा करा. जिवाला चूक म्हणू नका. आणि अर्धी ऐकलेली गोष्ट बाजारात नेऊ नका. नदीचे तोंड मोकळे ठेवा, गोटे जागच्या जागी राहू द्या. बाकीचे आमचे आम्ही बघू. आजवर आम्हीच बघत आलो आहोत.

आज पाण्यात पुन्हा तांबूस धार आली आहे. नदीच्या तोंडाशी माझ्या आजूबाजूला पितळी रंगाच्या तरुण मासळ्या जमल्या आहेत. त्यांतली एखादी त्या टोपलीतली असेल. मला ओळखता येणार नाही. पुढे जाळे असेल, नसेल. मी निघाले आहे, आणि त्या माझ्या मागे आहेत. तुम्हाला मोजायचेच असेल तर पुलावर उभे राहा आणि आम्हाला मोजा. फक्त वाटेतून बाजूला व्हा.